गॅसच्या लायटरपासून सात-दहाच्या बातम्यांपर्यंत

टक्‌ करून ठिणगी पाडणारा गॅसचा लायटर घ्या. माळ्यावर मीडियम वेव्ह लागणारा एखादा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो खाली काढा, सेल घाला आणि काटा दोन स्टेशनांच्या मधे, जिथे नुसती खरखर आहे तिथे आणून ठेवा. आता रेडिओपासून वीतभर अंतरावर लायटर दाबा. ठिणगी पडली की रेडिओत ‘कट्ट’ होतं. काटा डावीकडे सरकवा, परत दाबा. उजवीकडे सरकवा, परत दाबा. कट्ट सगळीकडे आहे. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लायटर सोडत नाही.

हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ मधे जर्मनीत कार्ल्सरूहला जे केलं ते साधारण हेच. एका बाजूला ठिणगी पाडायची, खोलीच्या दुसऱ्या बाजूला तारेच्या उघड्या कड्याच्या फटीत बारीकशी ठिणगी उमटते का ते अंधारात डोळे ताणून बघायचं. ही ‘कट्ट सगळीकडे’ची भानगड लक्षात ठेवा. पुढे याच्यावरूनच कायदा झाला.

मी एकतीस वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमधे असिस्टंट होते. मुलं सूत्रं घोकून यायची आणि मल्टिमीटर उलटा जोडायची. आता कोथरूडला गॅलरीत टेबल टाकलंय. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आठवीतली नात ‘रेडिओचा इतिहास’ असा प्रोजेक्ट घेऊन आली. चित्रं चिकटवून झाली होती.

“आजी, हर्ट्झ, बोस, मार्कोनी, सगळ्यांची सालं पाठ झाली.”

“छान. मग रेडिओ चालतो कसा?”

“ते प्रोजेक्टमधे नाहीये.”

म्हणून आम्ही १९०६-०७ सालचा पोरगा घरी जे बनवायचा ते बनवलं. क्रिस्टल सेट. याला सेल नाही, प्लग नाही. स्टेशनाकडून जी ताकद तारेवर येते तेवढ्यावरच हा बोलतो. खाली लिहिलंय ते आम्ही जसं केलं तसं, चुकांसकट.

सामान, आणि ते कुठे मिळतं

तार आधी. मोटारी रिवाइंड करणाऱ्यांकडे एनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारा: “२६ गेज, पन्नास ग्रॅम.” कॉइलला त्यातली बाराएक मीटर लागते, बाकीची उरलेली बरी, कारण पहिली कॉइल बिघडते. आमचीही बिघडली.

गँग कंडेन्सर, म्हणजे रेडिओचं स्टेशन फिरवायच्या बटणाच्या मागे असतो तो पत्र्यांचा पंखा, जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्यांच्या रेडिओतला मिळाला तर उत्तम. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर जा. पत्रे एकमेकांना घासत नाहीत ना, ते डोळ्यासमोर धरून, फिरवून बघा. घासला की तो शॉर्ट, मग घेऊ नका. एक सेक्शन पूर्ण मिटला की पाचशेएक पिकोफॅरड भरतो. आपलं काम त्यात आरामात होतं.

डायोड, म्हणजे वीज एकाच बाजूने जाऊ देणारं दार, जर्मेनियमचा हवा. ओए७९ म्हणा, १एन३४ म्हणा. इथे मी फसले. एका दुकानदाराने “हाच तो” म्हणून काचेचा छोटा डायोड हातावर ठेवला, मी चष्मा विसरले होते, घेऊन आले. सेट मुका. मल्टिमीटर डायोडवर ठेवून मोजला तर ६१०. म्हणजे सिलिकॉन. जर्मेनियमला अडीचशे-तीनशेच्या आसपास आकडा येतो. इतक्या बारीक सिग्नलला सिलिकॉनचं दार उघडतच नाही. तेव्हा मीटर खिशात घेऊन जा आणि दुकानातच मोजा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

सगळ्यात अवघड हेडफोन. मोबाइलचे चालत नाहीत, ते सोळा किंवा बत्तीस ओहमचे असतात. या सेटला दोन हजार ओहमचे जुने, कानावर पितळी पेल्यासारखे बसणारे हेडफोन लागतात, किंवा क्रिस्टल इअरफोन. दुसरा घेतलात तर त्याच्या दोन टोकांमधे ४७ के किंवा १०० केचा रेझिस्टर आडवा टाका, नाहीतर आवाज येऊन गुदमरतो. दोन्ही नाही मिळाले तर जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर शोधा. त्याची जास्त वेढ्यांची बाजू सेटला, कमी वेढ्यांची बाजू मोबाइलच्या इअरफोनला. आम्ही शेवटी हेच केलं.

कॉइल

दोन इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, बाहेरून ६३ मिलिमीटर. त्यावर साठ वेढे, एकाला एक चिकटून. साठ वेढे जेमतेम तीन सेंटिमीटरमधे बसतात. ते साधारण २४० मायक्रोहेन्री होतात, आणि आपल्याला जे स्टेशन हवंय त्याला पुरेसे होतात.

वाचायला सोपं आहे. नातीने पाइप मांडीवर धरून तार गुंडाळायला घेतली, त्रेचाळिसाव्या वेढ्याला शिंक आली, हात सुटला आणि सगळी कॉइल शेवयांसारखी उसळून टेबलभर पसरली. ती रडकुंडीला आली. मग मी तिला लॅबमधली रीत दाखवली. तारेचं एक टोक गॅलरीच्या ग्रिलला बांधायचं, तार पूर्ण उलगडत स्वयंपाकघरापर्यंत जायचं, दुसरं टोक पाइपच्या दोन बारीक भोकांतून ओवून पक्कं करायचं. आता तार ताणून धरायची आणि पाइप स्वतःभोवती फिरवत, पावलापावलाने ग्रिलकडे चालत यायचं. तार ताठ राहते, वेढे आपोआप शेजारी-शेजारी बसतात, अंगठ्याने नुसतं लोटायचं. बारा मीटर चालायला आम्हाला वीस मिनिटं लागली. मधे दारावरची बेल वाजली ती आम्ही वाजू दिली.

दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या वेढ्याला तार थोडी बाहेर ओढून आगपेटीच्या काडीभोवती पीळ द्या, म्हणजे एक छोटा कान तयार होतो. हे टॅप. प्रत्येक कानावरचं एनॅमल पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढा, तांबं लख्ख दिसेपर्यंत. लालसर तार आणि लालसर एनॅमल यांत फसायला होतं. निम्मे मुके सेट इथेच मुके असतात.

कॉइल कशासाठी, तर लायटरचं ‘कट्ट’ आठवा. ठिणगीचा ट्रान्समीटर सगळीकडे पसरतो. दोन स्टेशनं एकाच वेळी ठिणग्या पाडायला लागली की ऐकणाऱ्याच्या कानात गोंधळ. इंग्लंडमधे ऑलिव्हर लॉज यांनी कॉइल आणि कंडेन्सरची जोडी जमवून दोन्ही टोकं एका सुरात आणायची युक्ती १८९७ मधे पेटंटसाठी मांडली. तंबोरा लावताना जोडीच्या तारा एका सुरात आल्या की एक छेडली तर दुसरी आपोआप गुंजते, तेच. आपली कॉइल ही तार, गँग ही तिची खुंटी.

जोडणी

कॉइलचं खालचं टोक (जिथून वेढे मोजले ते) अर्थला, म्हणजे जमिनीला. वरचं टोक गँगच्या पत्र्यांच्या स्थिर बाजूला, गँगचा दांडा-सांगाडा अर्थला. म्हणजे कॉइल आणि गँग आडवे, एकाला एक जोडून. वरच्या टोकापासून डायोड, डायोडच्या दुसऱ्या टोकापासून हेडफोन, हेडफोनची दुसरी वायर अर्थला. एरियल टॅपला. संपलं. डायोडची दिशा कुठलीही चालते.

एरियल पहिल्यांदा दहाव्या टॅपला लावा. वर सरळ लावलं तर आवाज मोठा येईल असं वाटतं, पण लांब तार स्वतःच कंडेन्सरसारखी वागते, आणि सगळा सूर खाली ओढून नेते. मग स्टेशन पसरतं, आणि गँग फिरवून-फिरवून मनगट दुखतं. दहा, मग वीस, मग तीस असं बघत जा.

एरियलसाठी वीसेक मीटर कुठलीही तांब्याची तार, जितकी उंच तितकी बरी. आमच्या लहानपणी व्हॉल्व्हच्या रेडिओला तांब्याच्या जाळीची पट्टी असायची, खोलीत छताजवळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली, आणि त्यावर चिमण्या बसायच्या. आम्ही गच्चीच्या कठड्यापासून मागच्या आंब्यापर्यंत तार नेली. टोकांना नायलॉनची दोरी बांधली, म्हणजे तार भिंतीला टेकत नाही. तिसऱ्या दिवशी आवाज अचानक बसला. वर जाऊन बघते तर तारेवर कुणाचा तरी ओला पंचा आणि दोन पायजमे. दोष कुणाला देणार, पुण्यात ताणलेली तार ही वाळत घालायचीच असते. आता तिथे “रेडिओ एरियल, कपडे घालू नयेत” अशी पाटी आहे.

अर्थसाठी तुळशीची कुंडी चालत नाही, ती जमिनीला जोडलेली नसते. जुन्या बिल्डिंगमधे लोखंडी पाण्याचा पाइप जमिनीत जातो, तो घासून त्यावर तार आवळा. नव्या बिल्डिंगमधे सगळं प्लास्टिक. तिथे तळमजल्याच्या बागेत लोखंडी पहार ठोका आणि माती ओली ठेवा. भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटची अर्थ वापरू नका. कितीही मोह झाला तरी नाही. वायरिंग कुणी आणि कसं केलंय ते आपल्याला माहीत नसतं.

हडपसर

आकाशवाणी पुणे २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाली. मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे ३७९ मीटर. ट्रान्समीटर हडपसरला, ज्याच्यामुळे तिथल्या बसस्टॉपलाच आकाशवाणी म्हणतात. शंभर किलोवॉट. कोथरूडहून पंधराएक किलोमीटर. हडपसरला राहत असाल तर एरियलच्या ऐवजी खाटेच्या स्प्रिंगाही चालतील.

सकाळी सातला बसा. दुपारी बसलात आणि सभा, म्हणजे स्टेशनाची प्रक्षेपणाची वेळ, संपलेली असली तर सेट बिघडलाय असं वाटून सगळं उकलाल. गँग निम्म्यापेक्षा थोडा कमी मिटलेला ठेवा आणि अगदी हळू फिरवा. आम्ही पहिल्या दिवशी वीस मिनिटं काहीच ऐकलं नाही, एक पॉलिश न केलेला टॅप सापडला, तो घासला, आणि नातीने इअरफोन कानात दाबून हात वर केला. सात-दहाच्या प्रादेशिक बातम्या. तिने माझ्याकडे बघितलं, मग टेबलाखाली बघितलं, मग परत माझ्याकडे.

“आजी, सेल कुठेय?”

आता डायोड काढा

इथपर्यंत आलात तर पुढचं सोडू नका, खरी मजा इथे आहे. १९०६ मधे जर्मेनियमचा डायोड नव्हता.

सुरुवातीला काय होतं तर फ्रान्समधे एदुआर ब्रान्ली यांनी १८९० मधे दाखवलेली धातूच्या किसाची नळी. ठिणगीची लहर आली की कीस एकमेकांना चिकटल्यासारखा होतो आणि त्यातून वीज वाहते. पण मग तो तसाच राहतो, प्रत्येक वेळी टिचकी मारून मोकळा करावा लागतो. आम्ही बॉलपेनची रिकामी नळी, दोन खिळे, कानशीने पाडलेला लोखंडाचा कीस, दोन सेल आणि एलईडी असं केलं. लायटर दाबला की एलईडी लागतो, टिचकीने विझतो. चौथ्या खेपेला जमलं. कीस घट्ट कोंबायचा नाही, हे तीन खेपांना कळलं. यावर टक्‌-टक्‌ मोजता येते, माणसाचा आवाज नाही.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मधे कलकत्त्यात लोकांसमोर भिंतीपलीकडून लहर पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. पुढे त्यांनी गॅलेनाच्या, म्हणजे शिशाच्या खनिजाच्या, डिटेक्टरचं (लहर ओळखणाऱ्या भागाचं, आपल्या सेटमधे ते काम डायोड करतो) अमेरिकन पेटंट घेतलं, अर्ज १९०१ चा, मंजुरी १९०४ ची. सेमीकंडक्टर हा शब्द लोकांच्या तोंडी नव्हता तेव्हाची गोष्ट. १९०६ मधे अमेरिकेत ग्रीनलीफ पिकार्ड यांनी सिलिकॉनचा आणि हेन्री डनवुडी यांनी कार्बोरंडमचा डिटेक्टर आणला, आणि वायरलेस शाळकरी पोरांच्या खिशाला परवडायला लागलं. दगडाचा तुकडा आणि तारेचं टोक. न्यूयॉर्कमधे ह्यूगो गर्न्सबॅक यांनी तर पोरांसाठी वायरलेसचा तयार संचच पोस्टाने विकायला काढला होता.

गॅलेनाचा तुकडा मला भूगर्भशास्त्राच्या एका मोडीत निघालेल्या पेटीतून मिळाला. खनिजं विकणाऱ्यांकडेही मिळतो. आपल्याकडे राजस्थानात झावरच्या खाणींतून शिसं निघतं, त्याचंच हे खनिज. पायराइटही चालतं. गॅलेना शिशाचं असल्यामुळे हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा, मुलांकडे बघून धुवून घ्या.

बाटलीच्या पत्र्याच्या झाकणात अॅल्युमिनियमची फॉइल चुरगाळून त्यात तुकडा दाबून बसवा, चकचकीत पृष्ठभाग वर. सोल्डर करू नका, उष्णतेने त्याची संवेदना मरते. झाकण म्हणजे डायोडचं एक टोक. दुसरं टोक म्हणजे बारीक तार, जिला इंग्रजीत मांजराची मिशी म्हणत. आमची मिशी तंबोऱ्याच्या जुन्या तारेची, अडीच सेंटिमीटर, मधे एक वेटोळं, टोक तिरकं कापलेलं. ती सेफ्टीपिनेवर गुंडाळून पिन लाकडी फळीत स्क्रूने घट्ट केली.

आता डायोडवर स्टेशन आधी लावून ठेवा, मग डायोड सोडवून ही जोडी लावा. मिशीचं टोक दगडावर टेकवा. काही नाही. उचला, केसभर बाजूला, परत टेकवा. काही नाही. दाबलं तर काही नाही, फार हलकं ठेवलं तर खरखर. दगडाचा सगळा चकाकता भाग सारखाच दिसतो, पण ऐकणारी जागा कुठेतरी एकच असते, टाचणीच्या टोकाएवढी. नातीने जीभ दातांत धरून बावीस वेळा टेकवलं, मी मोजत होते. तेविसाव्याला बातम्या देणारा आवाज आला, पातळ, पण स्वच्छ. मग खालून ट्रक गेला, टेबल हललं, गेला आवाज. परत पहिल्यापासून.

एका पोराने रात्र-रात्र हे करायचं, म्हणजे काय असेल ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं असावं. बोलली काही नाही. “हात नको लावूस” एवढंच म्हणाली.

दगड नाही मिळाला तर ब्लेड. १९४४ मधे इटलीत अँझियोला खंदकात अडकलेल्या अमेरिकन सैनिकांनी दाढीचं ब्लेड आणि पेन्सिलचं शिसं वापरून सेट केले होते. ब्लेड चिमट्यात धरून गॅसवर निळसर रंग चढेपर्यंत तापवा, गार होऊ द्या, आणि सेफ्टीपिनेला लावलेलं पेन्सिलचं टोक त्या निळ्या भागावर हलकं टेकवा. गॅलेनापेक्षा हट्टी आहे. आम्हाला एकदाच लागलं, तेही दहा सेकंद.

पट्टीचं उजवं टोक

आता परत ट्रान्झिस्टर घ्या आणि मीडियम वेव्हच्या पट्टीवर १५०० किलोहर्ट्झची खूण शोधा. अगदी उजवीकडे आहे. मीटरमधे मोजलं तर २०० मीटर.

टायटॅनिक एप्रिल १९१२ मधे बुडालं. त्याआधीपासूनच अमेरिकेत आरमार आणि जहाजवाले ओरडत होते की ही पोरं मोटारीच्या इग्निशन कॉइलने ठिणग्या पाडून आमच्या संदेशांत घाण करतात. तक्रार खोटी नव्हती, लायटरने तुम्ही ते स्वतः ऐकलंत. ऑगस्ट १९१२ मधे कायदा झाला: हौशांनी लायसन घ्यायचं, ताकद एक किलोवॉटच्या आत, आणि लहर २०० मीटर किंवा त्याहून आखूड. जास्त लांबीच्या लहरी दूर जातात, आखूड लहरी निकामी, असं तेव्हाचे जाणकार मानत. म्हणजे गावाबाहेरची पडीक जमीन देऊन टाकली आणि म्हटलं, खेळा. आपलं पुणे केंद्र ज्या ३७९ मीटरवर आहे तिथे पाय ठेवायची त्यांना परवानगी नव्हती.

ठिणगी आणि २०० मीटर, एवढ्यावर लांबचं काम होईना. हार्टफर्डच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांना एप्रिल १९१४ मधे स्प्रिंगफील्डला एका व्हॉल्व्हच्या खरेदीसाठी निरोप द्यायचा होता, अंतर चाळीसेक किलोमीटर. पोचेना. मग वाटेवरच्या विंडसर लॉक्सच्या एका हौशाने तो ऐकून पुढे दिला. त्यावरून त्यांनी त्याच वर्षी निरोप पुढे-पुढे देणाऱ्यांची संघटना काढली. ती अमेरिकन रेडिओ रिले लीग. नावातला रिले तिथून आला. (मॅक्सिम यांचे वडील मशीनगनवाले, आणि हे स्वतः बंदुकीच्या सायलेन्सरवाले. आवाजाशी घराण्याचं नातं जुनंच.) महायुद्धात १९१७ मधे सगळ्यांचे सेट बंद करायला लावले, १९१९ मधे परत मोकळे केले, तोवर व्हॉल्व्ह हाताशी आले होते.

डिसेंबर १९२१ मधे पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हौशी स्कॉटलंडला आर्ड्रोसनच्या समुद्रकाठी एका शेतात तंबू ठोकून, पावसात, कान लावून बसला. त्याने अटलांटिकपलीकडच्या हौशांना ऐकलं. नोव्हेंबर १९२३ मधे फ्रान्समधल्या नीसच्या लेऑन देलॉय आणि अमेरिकेतल्या फ्रेड श्नेल यांनी ११० मीटरच्या आसपास दोन्हीकडून बोलणं जमवलं. पडीक जमिनीतून पाणी लागलं. जितकी लहर आखूड करावी तितकी ती आणखी लांब पोचत होती, कारण ती आयनमंडलावर, म्हणजे हवेच्या खूप वरच्या, वीज वाहणाऱ्या थरावर आपटून परत खाली येते.

१८ ऑक्टोबर १९२४ ला लंडनच्या मिल हिल शाळेतला अठरा वर्षांचा सेसिल गॉयडर आणि न्यूझीलंडमधला मेंढपाळ-शेतकरी फ्रँक बेल एकमेकांशी बोलले, पृथ्वीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हा गॉयडर पुढे १९३६ मधे आपल्याकडे आला आणि ऑल इंडिया रेडिओचा चीफ इंजिनिअर झाला. आकाशवाणीच्या तारांमधे शाळकरी हॅमचा (वायरलेसच्या हौशांना हॅम म्हणतात) हात आहे, हे मला लॅबमधे एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

आणि आखूड लहरी पुण्यालाही आल्या. १९२७ मधे इंग्लंड-हिंदुस्थान बीम वायरलेस, म्हणजे एकाच दिशेने लहर रोखून निरोप पाठवणारं, सुरू झालं, तेव्हा पाठवायचं केंद्र खडकीला आणि ऐकायचं दौंडला होतं. दोन्ही वेगळी, कारण स्वतःच्याच आवाजात समोरच्याचं ऐकू येत नाही.

आपल्याकडचे हौशी त्याआधीच कामाला लागले होते. कलकत्त्यात अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी १९२१ मधे २जेके या कॉलसाइनने, म्हणजे हवेतल्या नावाने, सुरुवात केली. मद्रासच्या क्लबाने १९२४ मधे प्रक्षेपण केलं. मुंबईतही क्लब निघाले; गेटवेजवळ अजून एक रेडिओ क्लब आहे, तिथे लोक आता जेवायला जातात. १९३९ मधे दुसरं महायुद्ध लागल्यावर हौशांचे ट्रान्समीटर बंद. बंदी मोडून १९४२ मधे मुंबईत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर चालला, आणि तो चालवणाऱ्या उषा मेहता पकडल्या गेल्यावर इथे येरवड्याच्या तुरुंगात होत्या. ४२.३४ मीटर हीसुद्धा पडीक जमिनीतलीच जागा.

आखूड लहरींची दुसरी कॉइल

चार सेंटिमीटर जाडीच्या औषधाच्या बाटलीवर पंधरा वेढे, टॅप चौथ्याला. साठ वेढ्यांच्या जागी ही लावा. रात्री आठनंतर, गँग जवळजवळ उघडा ठेवून केसागणिक फिरवा. परदेशी स्टेशनांचे आवाज एकमेकांवर चढलेले ऐकू येतात, मधेच एखादं वर येतं. रोज येतील असं नाही, आणि आलं ते कुठलं हे कळेलच असंही नाही.

हॅम मात्र यावर ऐकू येणार नाहीत. जुनी ठिणगी स्वतःच गुणगुणायची, त्यामुळे दगडाने ती ऐकली. आताचा मोर्स म्हणजे नुसती लहर चालू-बंद. दगडाला त्यात सूर मिळत नाही. त्यासाठी एसएसबी (हॅम ज्या पद्धतीने बोलतात ती) लागणारा रेडिओ हवा. तो असेल तर सुट्टीच्या सकाळी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमधे फिरा, आपल्याकडचे व्हीयूवाले (भारतातल्या कॉलसाइन व्हीयूने सुरू होतात) बोलताना सापडतात.

ऐकायला आता लायसन लागत नाही. पूर्वी घरच्या रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन भरावं लागायचं, आमच्या वडिलांचं ते पुस्तक माझ्याकडे अजून आहे. बोलायचं असेल तर केंद्र सरकारची परीक्षा द्या, कॉलसाइन घ्या. आणि ठिणगीचा ट्रान्समीटर घरी करू नका. बेकायदा तर आहेच, शिवाय बिल्डिंगभर सगळ्यांच्या सगळ्याची वाट लागेल.

झोपताना एरियलचा क्लिप सेटवरून काढून घराबाहेरच अर्थच्या तारेला लावून ठेवा. एप्रिल-मेमधे दुपारी ढग दिसले तरी लगेच लावा, आणि वळीव सुरू झाल्यावर तारेला हात लावायला जाऊ नका.

नातीच्या प्रोजेक्टच्या वहीत मार्कोनीच्या फोटोशेजारी आता आमची पहिली, शेवयांसारखी उसळलेली कॉइल चिकटपट्टीने लावलेली आहे. वही मिटत नाही.